बिडाचा ब्रेक

"बरां केलंस," असं तो म्हणाला की समजून जावं, समोरच्याने काहीतरी मोठा घोळ घालून ठेवला आहे.

त्यात टोमणा नसायचा, हे आधीच सांगतो. एकदा एका टॅक्सीवाल्याने ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिनचं ऑइल ओतलं. त्याने आतली रबरं फुगतात आणि ब्रेक लागला की सुटायचं नाव घेत नाही. टॅक्सीवाला रडकुंडीला आलेला. ह्याने डबीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि शांतपणे म्हणाला, "बरां केलंस. बस आता, चहा घे." मग संध्याकाळपर्यंत गाडीखाली पडून एकेक रबर बदललं. त्या माणसाला वाकडा शब्द म्हणून नाही.

चूक करायच्या आधी त्याच्याकडे गेलात, तर मात्र तुमची खैर नसे. "कोणी सांगितलं तुला? यूट्यूबने? मग ब्रेक पण यूट्यूबकडूनच मारून घे!" असा आवाज चढायचा की समोरच्या वाण्याकडची गिऱ्हाइकं वळून बघायची. मी एकदा विचारलं, हे काय उफराटं? चुकल्यावर गप्प नि चुकायच्या आधी बोंबाबोंब? तर म्हणाला, "ओरडायचं ते आधी, रे. नंतर ओरडून धातू परत येतो काय?"

त्याचं नाव इथे लिहीत नाही. लालबागच्या आमच्या गल्लीत त्याचा ब्रेकचा गाळा होता आणि त्याला लागून माझं गाड्यांच्या नंबरप्लेटचं दुकान आहे. आहे म्हणायचं आपलं. सरकारी छापाच्या प्लेटी आल्यापासून मी 'आईचा आशीर्वाद' आणि 'हॉर्न हळू वाजवा' यांच्या स्टिकरांवर दिवस काढतो. तो मात्र तेजीत होता. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, टॉवरांच्या तळघरांत भारी भारी गाड्या आल्या, आणि त्या गाड्या थांबवायला कोणीतरी लागायचंच. ज्या गिरणीत ह्याचे वडील जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, तिच्याच जागेवरच्या टॉवरातली पोरं दोन दारांच्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन ह्याच्या गाळ्यासमोर रांगेत उभी राहायची.

त्याची आणखी एक खोड होती. कुठलीही धातूची वस्तू हातात आली की उजव्या हाताच्या नखाने तिच्यावर टक् करून वाजवायची आणि कानाशी धरायची. बाजारात बायका मडकं वाजवून घेतात ना, तसं. ब्रेकचा भाग असो, पान्याचं डोकं असो, नाहीतर माझा पाण्याचा तांब्या. काय ऐकू येतं विचारलं तर सांगायचा नाही. मला वाटतं, काही ऐकूही येत नसावं. बोलायच्या आधी थोडा वेळ मिळावा म्हणून तो ते करत असणार.

टॉवरातली पोरं यायची ती एकाच हट्टाने: जुने कॅलिपर काढा, नवे लावा. कॅलिपर म्हणजे चाकामागच्या लोखंडी थाळीला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारा ब्रेकचा जबडा. गाडी थांबते ती त्या चिमट्याने. आता तो चिमटा कशाचा असावा, यावर ह्याची जी प्रवचनं मी ऐकली आहेत, ती ऐकून देवळातला बुवाही उठून गेला असता.

"बघ," तो पोराला म्हणायचा, "बीड घे नाहीतर जर्मन घे. दोघांची जात वेगळी."

पोरगा गोंधळायचा. मग मी माझ्या दुकानातून भाषांतर करायचो. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ज्याचा तुझ्या आजीकडे आंबोळ्यांचा तवा होता ते. आणि जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, ज्याच्या टोपात भात शिजायचा.

"बिडाला वजन आहे," हा पुढे सुरू, "पण कितीही दाबलंस तरी फाकत नाही. तापलं तरी आपला आकार सोडत नाही. गंजतं, पण वरवर. जर्मन हलका. चाक उड्या कमी मारतं, गाडी चटकन वळते. गरमीपण लवकर सोडतो. पण फार तापला की मऊ पडतो, पायाखाली ब्रेक स्पंजासारखा लागतो. आणि ह्या आपल्या खाऱ्या हवेत जर्मनमध्ये पोलादी बोल्ट बसवलास ना, की मधे पांढरी भुकटी धरते. मग तो बोल्ट तुझा बाप आला तरी निघत नाही."

"पण अंकल, लाल कलरमध्ये कशात मिळेल?"

इथे हा टॉवराच्या विसाव्या मजल्यापर्यंत जाईल असा ओरडायचा. गाडी चालवतोस कुठे? रविवारी पहाटे समुद्रावरच्या पुलावर? आणि बाकी सहा दिवस? परळच्या सिग्नलला? मग परळच्या सिग्नलला तुला किती तापणार आहे? ओरडून झालं की हळू आवाजात म्हणायचा, "जा, घरी जाऊन विचार कर." बहुतेक पोरं विचार करून लाल रंगाचे अ‍ॅल्युमिनियमचेच घेऊन यायची. तो ते मन लावून बसवायचा, बोल्टला कसलं कसलं ग्रीस लावून. एकदा ठरलं की वाद संपला, हा त्याचा नेम होता.

त्याचा एक वाद मात्र संपला नाही. तो त्याच्या मुलाशी होता.

गाळ्याच्या मागच्या भागात ताडपत्रीखाली एक जुनी दोन दारांची स्पोर्ट्स गाडी उभी असायची. वर्षानुवर्षं हिचे ब्रेक सांभाळले म्हणून एका पारशी म्हाताऱ्याने देश सोडून लेकीकडे जाताना ती ह्याला देऊन टाकली होती. मुलगा तेव्हा शाळेत होता. बापलेक दोघं दर रविवारी ती गाडी उघडायचे. इंजिन बापाने केलं, वायरिंग मुलाने. मुलगा हुशार, हाताचा हलका, आणि डोक्याने बापाहून तापट. त्याच गाडीपायी तो इंजिनिअर झाला.

वहिनी, म्हणजे ह्याची बायको, तेव्हा गाळ्यात येऊन-जाऊन असायची. खंडेनवमीच्या आधी वर्षभराची तेलकट हत्यारं धुण्याचं काम तिचं. लोखंडी घमेल्यात पाणी उकळायचं, त्यात गाळ्यातला कॉस्टिक सोडा टाकायचा, आणि पाने, पक्कडी, हातोड्या त्यात सोडून काठीने ढवळायच्या. लोखंडाला त्याने काही होत नाही. मेण निघावं तसा मळ निघायचा आणि नवमीला पाटावर मांडलेली हत्यारं चांदीसारखी दिसायची. "भावजी, तुमचे ब्रश पण द्या," म्हणून माझ्याकडेही यायची.

मग एके वर्षी काय झालं, मुलाच्या शाळेचं प्रदर्शन होतं. त्याने गिअरचा एक नमुना बनवायला घेतलेला. सुटे भाग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून बाकड्याखाली ठेवलेले. वहिनीने गाळा झाडताना कचरा समजून ते पुडकं भंगारवाल्याला देऊन टाकलं. पोरगा शाळेतून आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर आईवर ओरडला, "आई, तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस गं?"

तिने पदराला हात पुसले आणि घरी गेली. बाप त्या दिवशी मुलावर ओरडला नाही, कारण ओरडायची वेळ निघून गेली होती. त्याने मुलाला समोर बसवलं आणि तोच धडा दिला: "झाल्यावर ओरडायचं नाही. झाल्यावर म्हणायचं, बरां केलंस. समजलं?" पोरगा मान खाली घालून हो म्हणाला. पण त्यानंतर वहिनीने गाळ्यात पाऊल टाकलं नाही. डबासुद्धा दुसऱ्याच्या हाती यायचा. नवमीची हत्यारं हाच धुवायला लागला आणि ती कधीच पहिल्यासारखी दिसली नाहीत.

मुलगा शिकला आणि जर्मनीला गेला. ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत. ह्याची इच्छा, त्याने गाळा वाढवावा. जायच्या आधी दोघांत जे काही झालं ते सगळ्या गल्लीने ऐकलं. जायच्या दिवशी मुलगा पाया पडला, तर हा म्हणतो, "टॅक्सीचे टायर बघितलेस काय?" बस, एवढंच. 'बरां केलंस' काही म्हणाला नाही. म्हणजे त्याच्या मते अजून नुकसान झालेलं नव्हतं, अशी मी आपली समजूत करून घेतली.

पुढे बरेच दिवस बापलेकांत बोलणं नव्हतं. मग एका रविवारी मुलाचाच फोन आला. "बाबा, गाडीचं कुठपर्यंत आलं?" आणि गाडीचं अडलं होतं नेमकं ब्रेकपाशी. जुने कॅलिपर गेलेले होते. नवे लावायचे ते कशाचे?

तिथून त्यांचे रविवार सुरू झाले. सकाळी हा अर्धं शटर वर करायचा, ताडपत्री बाजूला सारायचा, बाकड्यावर लोखंड आवळून धरायचा व्हाइस असतो, त्याच्या जबड्यात फोन उभा धरून ठेवायचा. मी माझ्या दुकानातून स्टूल घेऊन जायचो. माझ्या घरी कोणी दाखवत नाही तेवढं अगत्य हा मला त्या दिवशी दाखवायचा, कारण त्याला साक्षीदार लागायचा.

"बाबा, ओतीव जर्मनचं विसरा. ठोकून घडवलेला घ्या, तो फाकत नाही. आणि चाकाचं वजन किती कमी होतं बघा ना."

"वजनाचा काय करूचा हा? लालबागात शर्यत आसा काय? आणि खारी हवा?"

"बोल्टला कोटिंग करतात आता."

"कोटिंग उडाला मगे?"

"तुम्ही ऐकूनच घेत नाही!"

"तू जर्मनीत रवतंस म्हणान तुका जर्मन बरो वाटता."

मुलगा हसायचा. हा हसू दाबायचा. दुसऱ्या घरांत परगावच्या मुलाला विचारतात, जेवलास का, थंडी आहे का. ह्या दोघांचं सगळं बीड आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये बसायचं. एकदा मुलगा आजारी होता, आवाज बसलेला. हा म्हणाला, "आज वाद नको. आज तुझोच खरां." त्याहून जास्त माया मी त्याच्या तोंडून ऐकली नाही. वाद मिटला असता तर बोलणार काय होते दोघं? हे त्यालाही कळत होतं. म्हणून तर ठरवायची घाई कोणालाच नव्हती.

आणि त्याच दिवसांत वहिनी पुन्हा गाळ्यात यायला लागली. आधी दाराशी, मग स्टुलावर, मग झाडू घेऊन आत. मुलगा घरात नाही, नवरा एकटा पडलेला. एका खंडेनवमीला तिने आपणहून घमेलं मागितलं. हा त्या दिवशी मला चहा पाजायला हॉटेलात घेऊन गेला आणि तिथे कपाकडे बघत म्हणाला, "ती इली रे."

एका पावसाळ्यात मुलाकडून पार्सल आलं. उघडलं तर चार कॅलिपर. अ‍ॅल्युमिनियमचे, ठोकून घडवलेले, लालभडक रंग चढवलेले, वर वाहतुकीत खराब होऊ नयेत म्हणून तेलाचा जाड थर. बाजारात मिळणारी चीज नव्हती ती. ह्या जुन्या गाडीची मापं फोनवर एकेक विचारून घेऊन मुलाने तिथल्या वर्कशॉपमध्ये, सुट्टीच्या दिवशी, स्वतः उभं राहून ती करून घेतली होती. बोल्ट वेगळे, कोटिंग केलेले. सोबत एक निरोप आला फोनवर: खाऱ्या हवेचा बंदोबस्त केलाय, आता बोला.

ह्याने आधी हात पुसले. एक कॅलिपर उचलला, नखाने टक् केलं, कानाशी धरला. "वाईट नाय," म्हणाला. आमच्या गल्लीत एवढी स्तुती कोणाच्या वाट्याला आलेली नाही.

"म्हणजे हरलास," मी म्हटलं.

"हरलंय," तो म्हणाला. "पण बरां वाटता रे." मग म्हणाला, त्याला सांगू नको. दसऱ्याला गाडीला लावतो, हार घालतो, आणि मग फोनवर दाखवतो. तोपर्यंत तणतणू दे त्याला. पुढचे सगळे रविवार ह्याने मुद्दाम बिडाची बाजू अशी लावून धरली की मला हसू आवरेना.

आता पुढचं सांगतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं फुलं आणायला दादरला गेलो होतो. झेंडूची पिशवी घेऊन परत आलो तर गाळ्याबाहेर घमेलं उकळत होतं आणि वहिनी पदर खोचून काठीने ढवळत होती. तिचा चेहरा उजळलेला. "बघा तरी," ती म्हणाली, "फळीवरचे ते लाल पण घेतलंय मी. झिलान धाडलेले. किती तेल होतां त्यांका! पाणी कसां फसफसता बघा."

मी घमेल्यात पाहिलं. कॉस्टिक सोडा लोखंडाला धार्जिणा, पण अ‍ॅल्युमिनियमला तो खातो. आयुष्यभर जर्मनचे टोप घासलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिने जर्मनचा टोप कधी सोड्यात घातला नसता. पण नवमीच्या त्या घमेल्यात आजवर पडलं ते लोखंड. रविवारमागून रविवार नवऱ्याच्या तोंडून ऐकलं ते बीड. आणि लाल रंगाखालचा धातू कसा दिसावा तिला? उचलायला जड होतेच ते. तिने ते पान्यांबरोबर सोडले.

ह्याने झेंडूची पिशवी खाली ठेवली. काठी तिच्या हातातून घेतली, एक कॅलिपर बाहेर काढला, नळाखाली धरला. लाल रंग गेला होता. काळाराखाडी, पुरळ उठल्यासारखा खड्डेखड्डे पडलेला. पिस्टन बसायची आतली गुळगुळीत जागा खरबरीत झालेली. तो आता ब्रेक राहिला नव्हता. ह्याने नखाने टक् केलं. कानाशी नेला.

"बरां केलंस गो," तो म्हणाला.

आणि चारही पुसून त्याने पाटावर मांडले. दुसऱ्या दिवशी त्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. वहिनीने नारळ दिला, त्याने फोडला. ती इतकी खूश होती की मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी मी त्याला गाठलं. म्हटलं, दुसरे मागव. तर म्हणाला, काय म्हणून मागवू? म्हटलं, मुलाला खरं सांग. तर म्हणाला, "सांगितलं की तो ओरडतलो. माझ्यावर नाय, तिच्यावर. पोटात राहत नाही त्याच्या. कधीतरी रागात बोलून जाईल, आणि मग ती परत गाळ्यात पाय ठेवची नाय."

"आणि तुझ्यावर रागावला तर?"

"रागावू दे. ज्वान आसा. त्याचो राग जातलो."

कोणाला सांगायचं नाही म्हणून मला त्याने माझ्या दुकानाची शपथ घातली. दसऱ्याच्या पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी स्टुलावर होतो. मुलगा फोनवर आल्या आल्या म्हणाला, "लावलेत?" त्याच्या आवाजात शाळकरी पोराचा आनंद होता.

हा म्हणाला, "नाय. मी बीडच लावतंय."

"आणि मी पाठवलेले?"

"ठेवलेत बाजूला."

मग मुलगा म्हणाला, "बघितलेत तरी का नीट?"

"बघितलंय. माका बीडच बरां."

"बाबा, मी ते स्वतः उभं राहून..." आणि तो थांबला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला माझं काही नकोच असतं ना? मी इथे आलो तेही नको होतं." फोन बंद झाला. हा व्हाइसचा दांडा फिरवत राहिला, फोन केव्हाच सुटून त्याच्या हातात आला होता.

मला अजून त्याचा राग येतो. कोणी सांगितलं होतं एवढं शहाणपण? बायकोला एक दिवस वाईट वाटलं असतं, मुलगा चार शब्द बोलला असता, रडारड झाली असती, आणि मिटलं असतं. घराघरांतून मिटतंच ना? पण हा जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या थांबवत आला, आणि स्वतःच्या घरात मात्र राग आपोआप थांबेल म्हणून वाट बघत बसला. मी हे त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "ओरडायचं ते आधी, रे."

रविवारचे फोन थांबले. मुलगा आईला फोन करायचा, आठवड्यात अधूनमधून, घरी. ह्याची चौकशी करायचा, हा शेजारी बसून ऐकायचा. ह्याच्या हातात फोन द्यायला वहिनी जायची, तेवढ्यात तिकडे कोणाला तरी मीटिंग असायची. तिला कळेना, असं एकाएकी बापलेकांचं काय बिनसलं. "लोखंडावरना भांडतत, दोघांक लाज नाय," असं मला सांगायची. मी मान डोलवायचो.

गाडीला त्याने बिडाचे कॅलिपर लावले. गाडी चालू झाली. एका सकाळी वहिनीला शेजारी बसवून शिवाजी पार्कला चक्कर मारून आणली. जाताना प्रत्येक गतिरोधकाला पोट घासलं, येताना सिग्नलला दोन पोरांनी फोटो काढले. वहिनी आठवडाभर त्या सफरीचं सांगत होती. मी विचारलं, ब्रेक कसे लागतात? म्हणाला, "लागतत." आणि ताडपत्री टाकली.

रविवारी मात्र तो अर्धं शटर वर करायचाच. फोन व्हाइसमध्ये धरून ठेवायचा. समोर बसून काहीतरी घासत राहायचा, मऊ फडक्यात धरून, बारीक पॉलिश पेपरने. मला दिसायचं काय घासतोय ते. मी विचारलं नाही. दोन दिवाळ्या अशा गेल्या. फोन आला तर हाताशी असावा, एवढंच त्याच्या मनात असणार. स्वतःहून करायला काय झालं होतं? हे मी विचारलं, तर म्हणाला, "करीन. काय बोलू ते ठरव दे."

ठरायच्या आत तो गेला. सकाळी छातीत कळ आली, केईएम हॉस्पिटलच्या वाटेवरच संपलं म्हणतात तसं झालं, आणि आमच्या गल्लीत रविवारी कोणाचंच शटर अर्धं वर राहिलं नाही. मुलगा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. विमानतळावरून तो थेट घरी आला आणि आईच्या गळ्यात पडून रडला. मी बाजूला उभा होतो. बापासाठी की बापावरच्या रागासाठी रडत होता, त्याचं त्यालाच ठाऊक.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी तो गाळा उघडायला आला. मला हाक मारली. ताडपत्री काढली आणि चाकाच्या फटीतून आत बघितलं. काळे, दणकट, बिडाचे कॅलिपर.

"काका, शेवटपर्यंत स्वतःचंच खरं केलं त्यांनी," तो म्हणाला. माझ्या जिभेवर शपथ होती. मी ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

तेवढ्यात वहिनी चहाचा थर्मास घेऊन आली. गाळ्यात तिला प्रत्येक वस्तूची जागा ठाऊक. "हे तुझे आसत, घेऊन जा," म्हणत तिने लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातून एक गाठोडं काढलं. ह्याच्या जुन्या लुंगीत बांधलेलं. मुलाने गाठ सोडली.

आत ते चार कॅलिपर. लाल रंगाचा मागमूस नाही. घासून घासून पांढरेशुभ्र केलेले, नवमीच्या हत्यारांसारखे. खड्डे मात्र होते. ते घासून जाणारे नव्हते.

"ह्यांचा काय झालां?" मुलगा पुटपुटला. त्याला आपण मालवणीत बोललो हेही कळलं नसावं.

"काय झालां म्हणजे?" वहिनी कप मांडत म्हणाली. "नवमेक मियांच धुतलंय. सोड्यात घालून. केवढां तेल होतां त्यांका! रंग गेलो खरो, माका मागसून वाईट वाटला. पण तुझे बाबा काय एक बोलले नाय. म्हणाले, बरां केलंस."

मुलगा ब्रेकवाला आहे. सोडा म्हटल्याबरोबर त्याला सगळं कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बघत होतो ते माझ्या दुकानाच्या पाटीकडे, पण मान हलली असावी माझी. त्याच्या तोंडाला काहीतरी आलं होतं, मोठ्याने बोलायचं काहीतरी, गिअरचं पुडकं गेलं त्या दिवशी आलं होतं तसंच. मला ते स्पष्ट दिसलं.

त्याने एक कॅलिपर उचलला. नखाने टक् केलं. कानाशी धरला आणि डोळे मिटून किती तरी वेळ तसाच उभा राहिला.

"काय रे?" वहिनी म्हणाली. "चुकला काय माझा?"

"नाय," तो म्हणाला. "बरां केलंस गो आई."

तिने त्याच्यापुढे चहा धरला. तो त्याने डाव्या हाताने घेतला. उजव्या हातातला ब्रेक त्याने चहा संपेपर्यंत खाली ठेवला नाही.